मतदानाआधीची दोन वर्षे

दहावीचा निकाल लागला की कुपवाडमधल्या मुलामुलींची पांगापांग होते. काही जण अकरावीला कुपवाडातच राहतात, बरेच जण विश्रामबाग, सांगली किंवा मिरजेच्या ज्युनिअर कॉलेजात जातात, काहींची वाट आयटीआयकडे वळते. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली आणि औद्योगिक वसाहतीच्या आधाराने वाढलेले हे गाव शहराचा तिसरा पाय बनले. इथल्या अनेक घरांत आईबाप पाळीत काम करतात. धाकट्या भावंडाला शाळेत सोडणे, पाण्याची वेळ सांभाळणे, रेशनच्या रांगेत उभे राहणे ही कामे सोळा-सतरा वर्षांची पोरे बिनबोभाट करतात. म्हणजे घर त्यांना जबाबदार माणूस समजून चालते. त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था मात्र नेमक्या याच दोन वर्षांत त्यांच्या हातून सगळी जबाबदारी काढून घेते. शाळेत सहावी-सातवीला जो मुलगा शालेय मंत्रिमंडळात स्वच्छतामंत्री होता किंवा जी मुलगी शिक्षक दिनाला वर्ग सांभाळून गेली, त्यांना अकरावीत विचारणारे कोणी उरत नाही. आणि हीच दोन वर्षे संपता संपता आपण त्यांच्या हातात मतदार ओळखपत्र देतो. महाराष्ट्रात विद्यार्थी-नेतृत्वाबद्दल जे काही बोलले जाते ते एकतर शाळेतल्या बालसंसदेच्या कौतुकाचे असते, नाहीतर कॉलेजच्या निवडणुकांच्या वादाचे. मधली दोन वर्षे दोन्ही चर्चांतून निसटतात. ती निसटू देणे महागात पडते आहे, आणि ती भरून काढण्यासाठी फार मोठ्या सुधारणांची वाट पाहावी लागत नाही, हे या लेखात मांडायचे आहे.

ही पोकळी कोणी ठरवून केलेली नाही. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने देशभर दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्याच भागातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत हाडाची काडे केलेले. आयोगाच्या मनात अकरावी-बारावी हा शालेय शिक्षणाचाच वरचा टप्पा होता. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि पुढच्या दोन वर्षांसाठी ‘कनिष्ठ महाविद्यालय’ उभे राहिले. त्यातली काही हायस्कुलांना जोडली गेली, काही पदवी महाविद्यालयांना. तेव्हापासून हा वर्ग दोन घरचा पाहुणा झाला. हायस्कूलच्या आवारात असेल तर गणवेश आणि प्रार्थना असते, पण शाळेचे मंत्रिमंडळ आठवी-नववीपर्यंतच. ‘अकरावीची मुले मोठी झाली’ म्हणून त्यांना वगळतात. सीनिअर कॉलेजच्या आवारात असेल तर तिथली विद्यार्थी परिषद विद्यापीठाच्या कायद्याने चालते, आणि अकरावी-बारावी विद्यापीठाच्या कक्षेत येतच नाही. तिथे ‘ही मुले लहान आहेत’ म्हणून वगळतात. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या आणि महाराष्ट्रात त्यांवर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात, पण तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे, पण ती तेरावीपासून पुढची. आठवी ते तेरावी यांच्या मधल्या विद्यार्थ्याला कायद्याने दिलेली अशी एकही खुर्ची नाही. सीबीएसईच्या शाळांत नववी ते बारावी एकाच छताखाली असल्याने हेड बॉय, हेड गर्ल, हाऊस कॅप्टन ही पदे बारावीपर्यंत पोचतात. त्या पदांच्या हाती खरोखर किती असते हा वेगळा प्रश्न, पण निदान पद तरी असते. राज्य मंडळाच्या मुलांना, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य मुलांना, तेवढेही नाही.

अभ्यासक्रमाने ही उणीव भरून काढली असती तरी चालले असते. तसेही होत नाही. दहावीत इतिहासाबरोबर राज्यशास्त्र असते. अकरावीला विज्ञान किंवा वाणिज्य घेतले की ते तिथेच संपते. कला शाखेतही ज्याने तो विषय घेतला त्यालाच पुढे राज्यशास्त्र मिळते. पुढे अभियंता, डॉक्टर, हिशेबनीस किंवा फाउंड्रीतला सुपरवायझर होणाऱ्या मुलाचे नागरिकशास्त्र पंधराव्या वर्षी आटोपते. दुसरीकडे निवडणूक आयोगाने २०२२ पासून सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज भरण्याची मुभा दिली. त्यामुळे बारावीच्या वर्गात आता नोंदणीची शिबिरे होतात, मुले अर्ज भरतात. १९८९ मध्ये मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले, तेव्हा बारावी संपणे आणि मतदार होणे या दोन गोष्टी जवळजवळ एका वेळी येऊन ठेपल्या. शिक्षणाच्या आखणीत या बदलाची दखल कुठेच घेतली गेली नाही. पस्तीस वर्षे होऊन गेली तरी मतदानाआधीची दोन वर्षे नागरिक होण्याच्या सरावाविना जातात.

नेतृत्वाच्या नावाखाली आज ज्युनिअर कॉलेजात काय चालते ते जवळून पाहू. वर्गात एक सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, असतो. तो निवडलेला नसतो. पहिल्या बाकावरचा, सरांना नाव माहीत असलेला असतो. जर्नल गोळा करून प्रयोगशाळेत नेणे, हजेरीचे रजिस्टर स्टाफरूममधून आणणे, गॅदरिंगची वर्गणी मागणे, तास ऑफ असला तर वर्ग शांत ठेवणे, सूचनांचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे ही त्याची कामे. सगळी कामे वरून खाली निरोप पोचवण्याची. वर्गाकडून वर काही न्यायचे असेल तर त्याला जागा नाही, वेळ नाही, आणि नेले तर उत्तर द्यायला कोणी बांधील नाही. गॅदरिंगच्या वर्गणीचा हिशेब तर वर्गाला क्वचितच दिसतो. बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना हवे तसे वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरती जागा देणे. पाहुण्यांच्या स्वागताला फेटे बांधून दोन रांगांत उभ्या केलेल्या मुली, भाषण कोणीतरी लिहून दिलेला विद्यार्थी प्रतिनिधी, छातीवर बॅज पण हातात काम नसलेला कॅप्टन हे सगळे त्या तीन पायऱ्यांवर बसतात. आपल्याकडचे उच्च माध्यमिक नेतृत्व बहुतांशी तिथेच अडकले आहे, असे स्पष्टच म्हणायला हवे.

उलट खरे काम कसे असते याचे उदाहरण एसटीच्या पासात आहे. सांगली-मिरजेची शहर बससेवा एसटी महामंडळच चालवते, आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुलांचे शिक्षण अक्षरशः एसटीच्या वेळापत्रकावर उभे आहे. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलींना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंत प्रवास मोफत आहे. त्यासाठी कॉलेजचे बोनाफाईड, अर्जावर सही-शिक्का आणि आगाराच्या खिडकीसमोरची रांग एवढे सोपस्कार असत. त्यात मुलांचा अख्खा दिवस जाई, तास बुडत. २०२४ च्या जूनपासून महामंडळाने पास थेट शाळा-महाविद्यालयात देण्याची मोहीम काढली. त्यासाठी कॉलेजने पासधारक विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यायची असते. ही यादी कोण करणार? कार्यालयातला एकच कारकून प्रवेश, शिष्यवृत्ती आणि परीक्षेच्या अर्जांत बुडालेला असतो. प्रत्येक वर्गातल्या दोन प्रतिनिधींकडे हे काम सोपवा. कोण कुठल्या गावाहून येतो, कोणाची बस पहिल्या तासानंतर पोचते, कोणत्या मार्गावर सायंकाळची फेरी नसल्याने मुलींना शेवटचे प्रॅक्टिकल सोडावे लागते, हे त्यांना आधीपासून ठाऊक असते. यादी तपासून, नावे जुळवून प्राचार्यांची सही घेऊन ती आगारात द्यायची, आणि फेरीच्या वेळेबद्दलचा अर्जही त्याच हाताने द्यायचा. त्यातून यादी बिनचूक करायला शिकणे आले, अर्ज लिहिणे आले, अधिकाऱ्यासमोर न घाबरता आणि न भांडता बोलणे आले, आणि काम झाले नाही तर वर्गाला का झाले नाही ते सांगणेही आले. नेतृत्वाचे शिबिर घेऊन हे शिकवता येत नाही.

हे सुचवणे नवीन नाही. आपल्या भागाला याची मोठी परंपरा आहे. १९१९ हे साल कृष्णाकाठच्या शिक्षणात दोन अर्थांनी महत्त्वाचे. त्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सांगलीत सुरू झाले, आणि त्याच वर्षी कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात भाऊरावांचे बोर्डिंग उभे राहिले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत, आणि ते जेवण मुलेच रांधत. दळण, सरपण, झाडलोट, शेतातले काम मुलांकडेच. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा व शिका’ ही त्या साऱ्याची रीतसर योजना झाली. भाऊरावांनी मुलांना नेतृत्वाचे धडे दिले असे आपण आज म्हणतो, पण त्यांनी धडे दिले नाहीत. घर चालवायला दिले. धान्य किती शिल्लक आहे, उद्या कोण स्वयंपाक करणार, आजारी मुलाचे काम कोणी उचलायचे, याचा निर्णय घेतल्याशिवाय त्या घरात चूल पेटत नव्हती. याच संस्थेत कमवा व शिका करून पतंगराव कदम शिकले आणि १९६४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी भारती विद्यापीठ स्थापन केले. सांगलीत आचार्य पी. बी. पाटलांनी उभारलेल्या शांतिनिकेतनातही तोच विचार होता. तिथे तासगावजवळच्या अंजनी गावचे आर. आर. पाटील काम करून शिकले, जिल्हा परिषदेवर गेले, आणि पुढे ग्रामविकास मंत्री म्हणून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी राज्यभर नेले. पी. बी. पाटील यांच्याच अध्यक्षतेखाली १९८४ मध्ये राज्याच्या पंचायत राज व्यवस्थेचे मूल्यमापन करणारी समिती नेमली गेली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मुलांनी संस्था चालवणे आणि गावाने आपला कारभार चालवणे यांत त्या पिढीला फरक वाटत नव्हता.

पतंगराव आणि आर. आर. यांच्याही आधीचे, बोर्डिंगबाहेरचे उदाहरण यशवंतराव चव्हाणांचे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्र्यात जन्मलेला हा मुलगा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना १९३२ च्या कायदेभंगात पकडला गेला आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मॅट्रिक तो सुटून आल्यावर, १९३४ साली झाला. स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई विशीही न ओलांडलेल्या वयात त्या चळवळीचे जोखमीचे काम करत होत्या.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ही नावे निवडून घेतलेली आहेत. बोर्डिंगात शिकलेली हजारो मुले पुढे साधी शेतकरी, शिक्षक, कारकून झाली. त्यांच्यातून तीन-चार नामवंत काढून कार्यकारणाचा नियम मांडता येत नाही. शिवाय तो काळ चळवळीचा होता, आणि ती बहुतेक बोर्डिंगे मुलग्यांची होती. आक्षेप मान्य आहे. पण त्या बोर्डिंगांची फळे मोजायची तर मंत्र्यांच्या यादीत मोजू नयेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्या, दूध संघ, पाणीपुरवठा संस्था, शिक्षणसंस्थांच्या शाखा ज्यांनी चालवल्या त्या साध्या शेतकरी-शिक्षक-कारकुनांत ती मोजावीत. सभेचे इतिवृत्त लिहिता येणारा, हिशेब वाचून दाखवणारा, विरोधकाचे ऐकून घेणारा माणूस गावोगाव तयार होता म्हणून ते जाळे उभे राहिले. बाहेरच्या संशोधनाचाही कल तोच आहे. जेम्स युनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. किशोरवयात शाळेच्या कारभारात आणि संघटित कामांत भाग घेतलेली माणसे पुढे कित्येक वर्षांनीही मतदानात आणि स्थानिक संस्थांत अधिक सहभागी दिसतात, असा त्यातला धागा. मुळात उत्साही असलेली मुलेच अशा कामांत पुढे येतात, म्हणून सगळे श्रेय कामाला देता येणार नाही हेही खरे. पण म्हणूनच काम सगळ्यांपर्यंत पोचवायचे असते. पुढे येणारी मुले कुठेही पुढे येतील. मागे बसणाऱ्याला कोणीतरी काम सोपवावे लागते.

पालकांचा पहिला आक्षेप वेळेचा. बारावी म्हणजे बोर्ड, नीट, जेईई, सीईटी. यात असले उद्योग कशाला? कुपवाडच्या कारखान्यात राबून क्लासची फी भरणाऱ्या बापाच्या तोंडी हा प्रश्न असेल तर त्याला मोडीत काढणे बरोबर नाही. त्या घरासाठी एक प्रवेश म्हणजे पुढच्या पिढीचे स्थित्यंतर असते. पण ज्युनिअर कॉलेजचा वेळ आज खरोखर अभ्यासात जातो का, हेही तपासावे. क्लास आणि कॉलेज यांची ‘इंटिग्रेटेड’ हातमिळवणी इतकी बोकाळली की २०१८ मध्ये राज्य सरकारला मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. २०२४ च्या जानेवारीत केंद्राने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश देऊ नये असे म्हटले. हजेरी ७५ टक्के हवी असा बोर्डाचा नियम आहे, तरी अनेक वर्ग ओस असतात. म्हणजे मुलांचा वेळ कॉलेजने घेतलेलाच नाही. कॉलेजने त्यांच्यावरचा हक्क सोडून दिला आहे. दोन वर्षे एका आवारात नाव लावून राहायचे आणि तिथल्या कोणत्याही गोष्टीशी आपला संबंध नाही असे समजायचे, ही सवय परीक्षेच्या तयारीचा भाग म्हणून लावली जाते, आणि पुढे तीच सोसायटीच्या सभेत, वॉर्डात, कारखान्यातल्या कामगार संघटनेत दिसते. आठवड्याला एक तास आणि महिन्याला एक बैठक यांनी कोणाची गुणांची बेरीज ढासळत नाही. ढासळते असे कोणाला वाटत असेल तर बारावीच्या सप्टेंबरनंतर ती बैठक नको, एवढी तडजोड पुरे आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्यामागे रक्त सांडलेले आहे. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या वैरातून ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्रात थेट निवडणुका बंद झाल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने आधीच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला विद्यार्थी प्रतिनिधी होईल अशी पद्धत आणली. २००६ मध्ये लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या: उमेदवाराला ७५ टक्के हजेरी हवी, खर्च पाच हजारांच्या आत हवा. २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात निवडणुकांना पुन्हा दार उघडले. २०१९ साली त्या जाहीरही झाल्या, विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या, आणि मग करोना आला. पदवीच्या पातळीवरच ही अडखळ असताना सतरा वर्षांच्या मुलांना निवडणुकीत कशाला ओढायचे, असे प्राचार्य विचारतात. केरळचा अनुभवही त्यांच्या बाजूने दाखवता येतो: तिथे प्री-डिग्रीचे वर्ग कॉलेजांतून काढून शाळांना जोडले गेले आणि कॅम्पसच्या राजकारणापासून ती मुले दूर गेली. पण शाळेत आल्यावर केरळने त्यांना मुके केले नाही. तिथल्या शाळांत वर्गनेते निवडून त्यांच्यातून शाळेचा नेता निवडण्याची संसदीय रीत चालते. फरक पक्षांच्या पॅनेलचा आहे. निवडणूक आणि पक्ष या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. आपण पक्षांना घाबरून निवडणूकच बंद केली. पक्ष मात्र बंद झाले नाहीत. आपल्या गावांतल्या चौकांत नेत्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून ज्यांचे चेहरे असतात त्यांत अकरावी-बारावीची मुले दिसतात. कॉलेजात ज्याला काही सोपवले गेले नाही, त्याला मंडळाने, तालमीने, एखाद्या ‘भाऊं’नी जवळ केले. तिथे तो जे शिकतो तेही नेतृत्वच असते: मिरवणुकीची वर्गणी, रात्रीची गाडी, इशाऱ्यावर गोळा होणे. हिशेब आणि प्रश्न विचारणे एवढे दोनच विषय तिथे शिकवले जात नाहीत.

मग गुणवत्तेने नेमणे बरे नाही का? नाही. पहिला येणारा विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी असतोच असे नाही, आणि त्याला ते काम नकोही असते. १९९४ नंतरच्या दोन दशकांत या पद्धतीने कागदोपत्री परिषदा दिल्या, वर्गाच्या वतीने बोलणारी माणसे फारशी दिली नाहीत. पण उघड निवडणुकीतही खोट आहे: ज्याची गाडी मोठी, ज्याच्या जातीची संख्या जास्त, ज्याचे रील जास्त जणांनी पाहिले, तो निवडून येतो, आणि पाड्यावरून येणारी अबोल मुलगी कायम मतदारच राहते. यावर उपाय आपल्याच राज्यघटनेने पंचायतीत करून दाखवला आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. कुपवाडची मुलगी महापालिकेत नगरसेविका पाहतच वाढते. प्रत्येक तुकडीला दोन प्रतिनिधी, त्यांतली एक मुलगी, ही अट घाला. पद एका वर्षापेक्षा जास्त नको. तिसरी एक जागा चिठ्ठी टाकून भरा, म्हणजे जो कधीच हात वर करणार नाही त्याच्याकडेही काम येईल. चिठ्ठीने आलेल्याला कमी लेखले जाईल अशी भीती असेल, तर गॅदरिंगचा हिशेब त्याच्याकडेच ठेवावा.

मुले कच्ची आहेत, चुका करतील, असेही म्हटले जाते. करतील. गॅदरिंगच्या हिशेबात दोनशे रुपये चुकले तर ते सतराव्या वर्षी चुकलेले बरे. आणि जिथे चूक परवडणार नाही तिथे त्यांना एकटे सोडा असे कोणी म्हणत नाही. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शाळांतल्या सुरक्षेवर राज्यभर चर्चा झाली, तक्रारपेट्यांची आठवण झाली. २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समित्या स्थापण्याचा शासन निर्णय आहे आणि त्यांत विद्यार्थी प्रतिनिधींनाही जागा आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, जिन्याचा दिवा लागतो का, बसथांब्यावर कोण घुटमळते, हे समितीतल्या मोठ्यांना शेवटी कळते आणि मुलींना पहिल्यांदा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात हेच आहे: मुलाशी संबंधित बाबींत त्याचे मत ऐकले जावे आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावे. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. नॉर्वेने उच्च माध्यमिक शाळेत विद्यार्थी परिषद कायद्यानेच बंधनकारक केली. आणि कच्चेपणाबद्दल बोलायचे तर २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर इथल्या प्रत्येकाच्या स्मरणात आहे. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेले. शाळा-कॉलेजे निवारा केंद्रे झाली. त्या दिवसांत सतरा वर्षांचे हात कच्चे आहेत म्हणून कोणी त्यांना परत पाठवले नाही.

शेवटचा अडथळा शिक्षकांचा, आणि तो खरा आहे. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची जादा कामे यांत आणखी एक समिती लादली तर ती कागदावरच राहील. म्हणून नवा उपक्रम, नवा बॅज, नवे पोर्टल नको. राष्ट्रीय सेवा योजना आणि एनसीसी अकरावी-बारावीत आहेतच, पण त्यांच्या जागा मोजक्या. त्यांच्या बाहेरच्या मुलांना आहेत तीच कामे सोपवायची: पासची यादी, गॅदरिंगचा हिशेब, ग्रंथालयाची वेळ, पिण्याच्या पाण्याच्या टाकीची तपासणी, तक्रारपेटी उघडताना हजर राहणे. शिक्षकाने महिन्यातून एकदा अर्धा तास बसायचे, आणि मागच्या बैठकीतल्या मागणीला ‘हो’ किंवा ‘नाही’ आणि ‘नाही’ तर का, एवढे लेखी द्यायचे. सगळा डोलारा या लेखी उत्तरावर आहे. उत्तर मिळत नसेल तर दोन महिन्यांत मुले बैठकीला यायची थांबतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे. त्यामुळे ज्युनिअर कॉलेज हे शाळेचे की कॉलेजचे, हा जुना घोळ निस्तरण्याची वेळ राज्यावर येणारच आहे, आणि तेव्हा नियमावलीत ही परिषद घालता येईल. पण त्याआधीही प्रत्येक संस्थेला आपापल्या पातळीवर सुरुवात करता येते, फक्त वेळापत्रक नीट लावावे लागेल. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होऊ लागले आणि फेऱ्या लांबतात. वर्ग स्थिरावेपर्यंत पावसाळा अर्ध्यावर येतो. म्हणून जूनमध्ये निवड करण्यात अर्थ नाही, मुले एकमेकांना ओळखतही नसतात. निवड अकरावीच्या सप्टेंबरअखेर व्हावी आणि मुदत बारावीच्या सप्टेंबरपर्यंत असावी. म्हणजे गॅदरिंग, पासचे नूतनीकरण आणि पुढच्या अकरावीचे स्वागत ही तिन्ही कामे त्याच प्रतिनिधींच्या हातून होतील, नव्यांना जुन्यांकडून वहीसकट हिशेब घेता येईल, आणि बोर्डाच्या परीक्षेपूर्वीचे चार महिने बारावीची मुले मोकळी राहतील.